पाइपची गाडी बांधताना: पट्टे मोजण्याआधी पुढून काय अडवलंय ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तळोज्याहून साताऱ्याकडच्या पाणीयोजनेसाठी ४० फुटी फ्लॅट ट्रेलरवर १६८ मिमी व्यासाचे, ६ मीटर लांबीचे एमएस (साध्या पोलादाचे) पाइप जातात. एका फेरीला साधारण २० टन. मागच्या खेपेला जोरात ब्रेक लागला आणि थरांच्या मधले आठ-दहा पाइप फूटभर पुढे सरकून हेडबोर्डला, म्हणजे केबिनमागच्या अडसराला, भिडले. ड्रायव्हर म्हणतो, चाराऐवजी सहा पट्टे मारू. पुढच्या महिन्यात ५०८ मिमीचे कोटिंगवाले पाइप येणार आहेत. तर पट्टे किती मारायचे, आणि पट्टा बरा की साखळी?

मी पाइपच्या कारखान्यात डिस्पॅचला २७ वर्षं काढली. त्यातली बरीचशी गाडीच्या बाजूला उभं राहून, खलाशी आणि ड्रायव्हरांबरोबर. म्हणून आधीच सांगतो, सहा पट्ट्यांनी तुमचं काम होणार नाही. आठांनीही नाही. तुमचे मधले पाइप सरकले, बाहेरचे जागेवर राहिले, यातच खरं कारण आहे. वरून टाकलेला पट्टा वरच्या आणि कडेच्या पाइपांना टेकतो. पोटातल्या पाइपला पट्टा शिवतसुद्धा नाही. त्याला धरून ठेवतं ते फक्त शेजारच्या पाइपांशी होणारं घर्षण, आणि तेलाचा हात दिलेल्या लोखंडावर लोखंड म्हणजे ते घर्षण जवळजवळ नाहीच.

आता हिशेब करू. तो एकदा समजला की ड्रायव्हरशी वाद घालायची वेळ येत नाही.

एमएस पाइपचं वजन काढायचं साधं सूत्र आहे: बाहेरच्या व्यासातून जाडी वजा करा, आलेल्या आकड्याला जाडीने गुणा, मग ०.०२४६६ ने गुणा. मापं मिलिमीटरमध्ये घेतली की मीटरमागे किलो मिळतात. तुमचा १६८.३ चा पाइप ४.५ जाडीचा धरला तर मीटरला १८.२ किलो, म्हणजे ६ मीटरचा नग १०९ किलोचा. २० टन म्हणजे १८४ नग. ४० फुटी ट्रेलरवर ६ मीटरचे दोन थप्पे एकापुढे एक बसतात, तेव्हा एका थप्प्यात ९२ पाइप, १० टन.

युरोप-अमेरिकेत माल बांधायचे जे नियम आहेत त्यांत ब्रेक लागताना पुढच्या दिशेने वजनाच्या ०.८ पट जोर धरतात, बाजूला आणि मागे ०.५ पट. रस्ता आपला असला तरी ब्रेकचं गणित तेच. १० टनांच्या थप्प्याला पुढे जायला ८ टनांचा जोर मिळणार, तो आपल्याला अडवायचा आहे. पाइपखाली कोरडं लाकूड असेल तर घर्षण ०.४ च्या आसपास, म्हणजे ८ पैकी ४ टन लाकूडच धरतं. उरले ४ टन.

आता पट्टा. ५० मिमी रुंदीच्या रॅचेट पट्ट्याला (दांडा मागेपुढे करून दात-दात ताणायचा पट्टा) बाजारात ‘५ टनी’ म्हणतात. त्यावर शिवलेली निळी पट्टी, म्हणजे लेबल, नीट वाचा. ५ टन हा तो तुटायचा आकडा. सरळ ओढीत तो किती धरेल यासाठी त्यावर २५०० डेकान्यूटन लिहिलेलं असतं, म्हणजे अडीच टन. आणि तिसरा एक आकडा असतो, साधारण ३०० ते ३५०. माणसाने हाताने रॅचेट ओढल्यावर पट्ट्यात खरोखर येणारा ताण तो. वरून टाकलेला पट्टा मालाला याच ताणाने खाली दाबतो. दोन्ही बाजूंनी सरळ उभा उतरला तरी जेमतेम ६०० किलोचा दाब. तिरका उतरला तर त्याहून कमी, ३० अंशांवर तर निम्माच. ६०० ला ०.४ ने गुणलं की एका पट्ट्याची पुढच्या दिशेची खरी पकड आली २४० किलो.

उरलेल्या ४ टनांना २४० ने भागा. सतरा पट्टे येतात, तेही एका थप्प्याला. पाइप तेलकट असून लोखंडावर लोखंड बसलेलं असेल, घर्षण ०.२, तर गणित पन्नास पट्ट्यांवर जातं. एवढे पट्टे कोणी मारत नाही आणि मारूही शकत नाही. मागची सगळी वर्षं आपल्या गाड्या सुखरूप पोचल्या त्या जोरात ब्रेक लागला नाही म्हणून.

हेडबोर्डवर विसंबावं असं अनेकांना वाटतं. युरोपातल्या साध्या बॉडीचा हेडबोर्ड मालाच्या ४० टक्के, तोही जास्तीत जास्त ५ टन जोर सोसेल असा धरतात. आपल्याकडच्या गाड्यांवर तो बऱ्याचदा चॅनेलवर वेल्ड केलेला पातळ पत्रा असतो. पाइप तर भिंतीसारखा सपाट आदळतच नाही. १०९ किलोचा एक पाइप हाताच्या पंजाएवढ्या कडेवर सगळा जोर घेऊन येतो आणि पत्रा कापून जातो. एकदा गेटमधून सुटलेली आमची एक गाडी तासाभरात परत आली. दुचाकी आडवी आली म्हणून ड्रायव्हरने ब्रेक मारला होता. ११४ मिमीचे मोकळे पाइप होते; मधले तीन हेडबोर्डच्या जाळीतून निघून केबिनच्या मागच्या पत्र्यात घुसले. एक क्लीनरच्या सीटच्या पाठीला वीतभर आत आला होता. क्लीनर त्या दिवशी सुट्टीवर होता. ड्रायव्हर खाली उतरून पाण्याच्या टाकीपाशी बसला आणि बराच वेळ काही बोलला नाही. गाडीवरचे चारही पट्टे घट्टच होते, मी स्वतः हात लावून बघितले. त्या दिवसापासून मी पट्टे मोजायच्या आधी पुढून काय अडवलंय ते विचारतो.

मग करायचं काय, ते तुमच्याच गाडीवर सांगतो.

पहिलं, मोकळे पाइप घेऊच नका. कारखान्याकडून ७ पाइपांच्या षटकोनी मोळ्या बांधून मागा. मधला एक, भोवती सहा. १६८ च्या मोळीचं वजन पाऊण टनाच्या वर जातं, हायड्राला (फिरत्या क्रेनला) उचलायला सोपं. रुंदी अर्धा मीटर, म्हणजे ट्रेलरच्या रुंदीत चार मोळ्या आरामात मावतात. तीन थर केले की थप्प्यात ८४ पाइप, ९ टनांच्या थोडं वर. नग कमी बसतात हे मान्य, पण पोटातला मोकळा पाइप हा प्रकारच संपतो. मोळीला स्टीलची पट्टी किमान तीन जागी हवी. आणि त्या पॅकिंगच्या पट्टीत हूक अडकवून मोळी उचलू देऊ नका. ती पट्टी पाइप एकत्र ठेवायला असते, उचलायला बेल्ट स्लिंग वेगळी.

दुसरं, प्रत्येक थराखाली आडवे लाकडी गुटके, ६ मीटरला तीन. सगळे एकाच उभ्या रेषेत, एकाखाली एक, म्हणजे वजन सरळ बेडवर उतरतं. गुटका चौकोनी न घेता आयताकृती घ्या आणि रुंद बाजूवर बसवा, उभा ठेवलेला गुटका लोळतो. पावसाळ्यात ओलं, शेवाळलेलं लाकूड टाकलंत तर ०.४ विसरा. गुटक्याच्या खाली-वर जुन्या कन्व्हेयर बेल्टचा तुकडा टाकला तर पकड आणखी वाढते. चांगल्या रबरी मॅटला ०.६ धरतात. मिळाला तर जरूर वापरा.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, पुढून झोळी. थप्प्याच्या पुढच्या तोंडाला लाकडी चौकट उभी करायची. दोन उभे खांब आणि त्यांवर आडव्या फळ्या ठोकलेल्या, अशी की एकाही पाइपचं तोंड उघडं राहू नये. मग पट्टा डाव्या बाजूच्या बेडच्या हुकातून निघून पुढे येतो, चौकटीला समोरून वळसा घालतो आणि उजव्या बाजूने मागे जाऊन तिथल्या हुकात बसतो. हूक तोंडापासून चांगले दीड-दोन मीटर मागे असले पाहिजेत. हा पट्टा थप्प्याला मागे ओढून धरतो. इथे पट्ट्याचा ३०० चा आकडा लागत नाही, अडीच टनांचा लागतो, कारण पाइप पुढे जायला लागला की पट्टा सरळ ओढीत येतो. दोन्ही बाजू मिळून ५ टन. ४५ अंशांनी खाली उतरतो म्हणून त्यातले साडेतीन धरायचे.

आता पुन्हा बेरीज करा, १० टनांचाच थप्पा धरून. लाकूड ४ टन, झोळी ३.५ टन, वरून चार पट्टे मिळून ०.९ टनाच्या थोडं वर. ८ टनांच्या पुढे गेलो. त्याच जातीचे पाच पट्टे, फक्त एकाची जागा बदलली. दोन्ही थप्प्यांचं मिळून दहा पट्टे लागतील. बाजूच्या ५ टनांनाही ४ आणि १ अशी भर पडते आणि शिवाय ट्रेलरच्या कडेला उभे केलेले खुंट आहेतच.

मागच्या थप्प्याला त्याची स्वतःची झोळी हवी. ती नसेल तर तो पुढच्यावर आदळतो, त्याचे पाइप पुढच्या फटींत घुसतात आणि २० टनांचा भार एका चौकटीवर येतो. त्यासाठी दोन थप्प्यांच्या मध्ये चौकटीपुरती जागा सोडा. ट्रेलर १२.२ मीटर, पाइप १२ मीटर, जागा तंगच आहे, म्हणून भरायच्या आधी टेपने मोजा. मधली झोळी आधी पसरून ठेवायची आणि मगच मागचा थप्पा चढवायचा. माल चढल्यावर त्या फटीत हात जात नाही, आणि मग ‘राहू दे आज’ असं होतं.

बाजूचे खुंट. एका थप्प्याला प्रत्येक बाजूला कमीत कमी दोन, आणि शेवटच्या थरातल्या कडेच्या पाइपचा मध्य खुंटाच्या टोकाच्या खाली राहिला पाहिजे. खुंट खाचेत खोल बसलेला, तळाशी पिन लावलेला असावा. खाचेत सळईचे तुकडे खोचून काम भागवणारे दिसतात, अशी गाडी मी गेटवरून परत पाठवली आहे. अर्धा माल चढला की समोरासमोरचे खुंट वरच्या अंगाला साखळीने एकमेकांना बांधून घ्या, नाहीतर वरच्या थराच्या वजनाने ते बाहेर झुकतात.

पट्टा की साखळी? उघड्या, जड लोखंडाला साखळी चांगली. ग्रेड ८० ची (जास्त ताकदीच्या पोलादाची) ८ मिमी साखळी ४ टनांची, १० मिमी ६.३ टनांची ओढ घेते. ती ताणली जात नाही आणि पाइपच्या धारेने कापली जात नाही. पण गोल पाइपवर ती घसरते, खाली रबर हवंच. तुमच्या १६८ ला पट्टा पुरेसा आहे, फक्त जिथे तो पाइपच्या तोंडाजवळून जातो तिथे कापडी मोजा चढवा. बेव्हल केलेल्या (वेल्डिंगसाठी तिरक्या घासलेल्या) तोंडाची धार पात्यासारखी असते. निळी पट्टी निघालेला, कडेला चिरलेला, गाठ मारलेला पट्टा फेकून द्या. गाठ मारली की पट्ट्याची ताकद निम्म्यावर आली असंच समजा. नायलॉन दोरी ताडपत्रीसाठी ठेवा. ती ताणते, आणि खोपोली येईपर्यंत सैल झालेली असते.

५०८ च्या पाइपांचं थोडं वेगळं. ८ मिमी जाडीचा असेल तर मीटरला ९८.६ किलो, १२ मीटरचा नग जवळपास १.२ टनांचा. तो घसरण्याइतकाच लोळतो. खालच्या थराला प्रत्येक गुटक्यावर दोन्ही बाजूंनी पाचर, गुटक्याला ठोकलेली. नुसती सरकवून ठेवलेली पाचर पहिल्या स्पीडब्रेकरला निघते. १०० मिमीपेक्षा कमी उंचीची पाचर मी या मापाला चालवत नाही, आणि बाभळीची मिळाली तर तिच्यासारखी दुसरी नाही. थर एकमेकांच्या खळग्यांत रचून पिरॅमिड केला तर वरचा पाइप खालच्यांना बाहेर ढकलतो, सगळा जोर कडेच्या पाइपवर येतो. म्हणून मी मध्ये गुटके टाकून सपाट थर पसंत करतो. खालचा थर त्याच्या स्वतःच्या पट्ट्यांनी बांधून झाल्यावरच वरचा चढवायचा. कोटिंगवर साखळी अजिबात नाही, तारदोर नाही. रुंद पट्टे, आणि पाइप एकमेकांना घासू नयेत म्हणून काथ्याच्या जाड दोराच्या कड्या प्रत्येक पाइपला तीन-चार ठिकाणी. कोटिंग गुळगुळीत असतं, तेव्हा पुढच्या झोळीची गरज इथे जास्तच. आणि १२ मीटरचा पाइप एक अखंड नग आहे, पुढच्या-मागच्या दोन्ही टोकांना अडवणी लागेल.

डीआय (डक्टाइल आयर्न, ओतीव लोखंडाचे) पाइप कधी आले तर एकाचं सॉकेट, म्हणजे रुंद तोंड, पुढे, दुसऱ्याचं मागे असे आलटून पालटून लावा, म्हणजे ते सपाट बसतात. एचडीपीईत (प्लास्टिकच्या पाइपांत) लहान पाइप मोठ्यात घालून पाठवतात. आतला पाइप बाणासारखा सुटतो, दोन्ही तोंडं फळीने बंद करा.

पाइप बेडच्या मागे बाहेर काढायचा मोह होईल, कारण काही वेळा लांबी थोडी जास्त येते. पूर्वी मागे १ मीटरपर्यंत सूट होती, ती २०१४ मध्ये केंद्राने काढली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर माल बॉडीच्या बाहेर निघाला तर २० हजार रुपये दंड आणि जादा माल उतरवून घ्यायचा खर्च वेगळा. मला दंडापेक्षा मागून रात्री येणाऱ्या दुचाकीवाल्याची काळजी असते. बाहेर निघालेल्या पाइपचं तोंड हेडलाइटच्या उजेडात दिसत नाही. लाल फडकं तर नाहीच दिसत.

रस्त्यात काय करायचं ते ड्रायव्हरला नीट सांगा. निघताना थप्प्याच्या वरच्या पाइपांवर, पुढच्या तोंडापासून हातभर मागे, आडवी खडूची एक रेघ ओढा, कडेकडून कडेकडे. तशीच एक मागे, आणि खुंट जिथे पाइपला टेकतो तिथे पाइपवर एक खूण. वीस-पंचवीस किलोमीटरवर पहिला थांबा. पाइप तोवर बसतात, मोळ्या दबतात आणि पट्टे हमखास सैल पडतात. अमेरिकेत पहिल्या ५० मैलांच्या आत तपासणं बंधनकारक आहे, पण आपल्या खड्ड्यांना तेवढं थांबणं परवडत नाही. दुसरा थांबा बोरघाट चढायच्या आधी, खोपोलीच्या अलीकडे. घाटात माल मागे सरकतो हे लक्षात ठेवा. चढावर गाडी थांबून पुन्हा उचलताना जो झटका बसतो तो मागच्या टोकाला लागतो, आणि नुसता फाळका (बॉडीचं मागचं दार) तो धरत नाही. म्हणून मागच्या थप्प्याच्या मागच्या तोंडालाही तशीच चौकट आणि झोळी लावलेली बरी. तिसरा थांबा घाट चढून लोणावळ्याला, चौथा खंबाटकीच्या अलीकडे. दर थांब्याला रॅचेट एकेक दात ओढून बघायचा आणि खडूची रेघ बघायची. रेघ तुटली असेल, एक पाइप दोन बोटं जरी पुढे गेला असेल, तर तो थर सैल आहे. तिथून गाडी पुढे न्यायची नाही, मग साइटवरून कितीही फोन येवोत. खेपेला मालावर कोणी बसणार नाही, हे ड्रायव्हरला आणि साइटवरच्या मजुरांना दोघांनाही सांगा.

शेवटी उतरवणं, ज्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत. मी बघितलेल्या दुखापतींपैकी सगळ्यात वाईट रस्त्यावर झाल्या नाहीत, साइटवर पट्टा सोडताना झाल्या. प्रवासात माल हललेला असतो, एखादा पाइप खुंटाला रेलून, पट्ट्याच्या जोरावर थांबलेला असतो. पट्टा सुटला की तो खाली येतो, आणि पट्टा सोडणारा माणूस नेमका तिथेच उभा असतो. पाणीयोजनेच्या साइटवर गाडी रस्त्याकडेला, एक चाक साइडपट्टीच्या खाली उतरलेलं, अशी तिरकी उभी करतात, तेव्हा सगळा माल एका बाजूला झुकलेला असतो. आधी गाडी सपाट जागी आणा. मग दोन्ही बाजूंनी फिरून बघा, कुठला खुंट बाहेर झुकलाय, कुठला पट्टा बाकीच्यांपेक्षा जास्त ताठ आहे. ताठ पट्टा म्हणजे त्यावर पाइप टेकलाय. वरच्या मोळीला आधी हायड्राचा बेल्ट लावून नुसता ताण द्या, उचलू नका, आणि मगच त्या थराचा पट्टा सोडा. रॅचेट सोडताना माणूस गाडीच्या टोकाच्या बाजूला उभा राहील, पाइपच्या लांबीसमोर कधीच नाही. गाडीच्या पलीकडच्या अंगाला कोणी नाही ना, हे मोठ्याने विचारून खात्री करा. खुंट सगळ्यात शेवटी, आणि ज्या बाजूने हायड्रा काम करतोय तिकडचेच. जेसीबीच्या बकेटने ढकलून पाइप खाली पाडायची पद्धत काही साइटवर आहे. त्यात पाइपचं तोंड दबतं, कोटिंग जातं, आणि पाइप कुठे लोळेल ते कोणाच्याच हातात नसतं. हायड्रा नसेल तर येईपर्यंत गाडी उभी ठेवा, थांबण्याचं भाडं द्या.

पहिल्या गाडीला तुम्ही स्वतः भरताना उभे राहा. चौकटी तळोज्यातच सुताराकडून बनवून घ्या, तीन नग पुरतील, आणि रिकाम्या गाडीबरोबर परत मागवत चला. ड्रायव्हरला झोळी कशी बसते हे एकदा हाताने करून दाखवलंत की पुढच्या वेळी तो स्वतःच मधला पट्टा आधी पसरून ठेवेल.